बोटीचं इंजिन बदलायचंय? मोजणी पंख्यापासून सुरू करा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. हर्णै बंदरातले एक नाखवा, म्हणजे बोटमालक, विसार देऊनच माझ्याकडे आले. "मिस्त्री, इंजिन ठरवलं. १४० एचपी, तीन हजार आरपीएम, गिअर दोनास एक. भावात बसतंय. तुम्ही फक्त बसवून द्या." बोट ४२ फुटी, लाकडी, ट्रॉलिंगची, म्हणजे मागे जाळं ओढत मासे धरणारी. जुनं इंजिन सहा सिलिंडरचं, १०० एचपी, २००० आरपीएम (मिनिटाला २००० फेऱ्या), गिअर तीनास एक, म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पंख्याच्या शाफ्टची, दांड्याची, एक. बारा वर्षं इमानाने चाललं, पण आता सकाळी सुरू व्हायला रडायचं आणि जाळं ओढताना काळा धूर ओकायचं.

मी विचारलं, "पंखा किती इंची आहे?"

त्यांना सांगता आलं नाही. यात त्यांचा दोष धरता येत नाही. पंखा कायम पाण्याखाली, शेवाळाने भरलेला, आणि इंजिन विकणारा माणूस त्याचं नाव काढत नाही. पण बोट ढकलतो तो पंखा. इंजिन त्याला फिरवतं एवढंच. पंखा, शाफ्ट, गिअर आणि मग इंजिन, अशा उलट्या क्रमाने हिशेब केला तर चूक होत नाही. २६ वर्षं मी बोटींची इंजिनं उतरवतोय आणि बसवतोय. फसलेली जेवढी कामं पाहिली, त्यांतली बहुतेक इंजिन वाईट निघालं म्हणून फसली नव्हती. चांगलं इंजिन चुकीच्या पंख्याला जोडलं होतं. खाली सांगतोय ते याच ४२ फुटी बोटीच्या आकड्यांनी सांगतो. तुमच्या बोटीचे आकडे वेगळे असतील, रीत तीच.

बोट पाण्यात आहे तोवर मोजून घ्या

१ जूनला मासेमारी बंद होते. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन शाकारतात आणि ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस इंजिनकामाला मिळतात. बोट वर ओढली की मगच नव्या इंजिनाचा विचार करायचा, अशी सवय आहे. तोपर्यंत सगळ्यात मोलाची माहिती हातची गेलेली असते: जुनं इंजिन हा पंखा किती वेगाने फिरवू शकत होतं आणि बोट किती पळत होती.

आमच्या हातात चार दिवस होते. जाळी उतरवली, पंख्यावरची शिंपलं खरवडून काढली, टाक्या निम्म्या भरल्या आणि बंदराबाहेर गेलो. शाफ्टला चमकती पट्टी चिकटवून हातातल्या लेझर टॅकोमीटरने फेऱ्या मोजल्या. वेग मोबाइलच्या जीपीएसवर. एकदा ओहोटीच्या ओढीबरोबर आणि एकदा उलट जायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची, नाहीतर प्रवाहाचा वेग बोटीच्या नावावर जमा होतो.

फुल रेसला इंजिन १९०० च्या वर जाईना. म्हणजे शाफ्ट मिनिटाला ६३३ फेऱ्या. वेग ६.८ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). बोट वर आल्यावर पंख्याच्या बुंध्यावर ठोकलेले आकडे ब्रशने घासून वाचले: ३२ बाय २२. पहिला आकडा पंख्याचा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाण्यात घसर झाली नाही असं धरलं, तर एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर. आकडे झिजून गेले असतील तर शाफ्टच्या मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत मोजून दुप्पट करा, तो व्यास. पिच मात्र पंखे दुरुस्त करणाऱ्याकडूनच काढून घ्या. तीन पाती असतील तर तिन्हींची, कारण ओंडक्यावर आपटलेल्या पंख्याची पाती एकसारखी राहत नाहीत.

आता साधा हिशेब. पिच गुणिले शाफ्टच्या फेऱ्या, भागिले १२१५, की नॉटमध्ये वेग येतो. २२ गुणिले ६३३ भागिले १२१५ म्हणजे जवळजवळ साडेअकरा नॉट. बोट प्रत्यक्षात गेली ६.८ नॉटने. मधली ४० टक्के घसर. जड मच्छीमार बोटीला एवढी घसर असतेच, घाबरायचं कारण नाही. यापेक्षा फारच जास्त आली तर पंखा खराब आहे, नाहीतर बोटीच्या तळाला जंगल झालंय. दोन्हींवर नवं इंजिन हा उपाय नव्हे.

जास्त एचपीने काय मिळतं

पाणी कापत चालणाऱ्या बोटीला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा असते. बोट पाण्यावर जिथून जिथपर्यंत टेकते ती लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. आमची बोट ४२ फुटी असली तरी पाण्यावर ३६ फूट. वर्गमूळ ६. गुणाकार ८ नॉट. या आकड्याच्या जवळ गेलं की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत बसते, मागची बाजू खाली जाते, आणि पुढचा प्रत्येक पाव नॉट डिझेलच्या पिंपाने विकत घ्यावा लागतो.

पंख्याच्या फेऱ्या दुप्पट करायच्या तर ताकद आठपट लागते. वेगाचंही ढोबळ मानाने तसंच. १०० चे १४० एचपी केले तर सात नॉटची बोट कागदावर पावणेआठ जाते, समुद्रात त्याहून कमी. आणि खर्च? एका एचपीला तासाला साधारण २०० मिली डिझेल धरा. १०० एचपी पूर्ण लोडला तासाला २० लिटर, १४० एचपी २८ लिटर. अर्ध्या नॉटसाठी तासाला ८ लिटर. मी हा आकडा नाखव्यांसमोर बिलाच्या मागच्या बाजूला लिहिला तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

पण त्या इंजिनात खरी अडचण होती ती गिअरची. ३००० आरपीएम, गिअर दोनास एक, म्हणजे शाफ्टला १५०० फेऱ्या. जुना पंखा ६६७ फेऱ्यांना १०० एचपी खातो. तोच पंखा १५०० ला फिरवायला हजाराच्या वर एचपी लागतील. इंजिन कधीच तिथपर्यंत पोचणार नाही. अर्ध्या रेसवरच काळा धूर टाकत गुदमरेल. मग पंखा बदलायचा तर तो जवळजवळ २१ इंची बसतो. ३२ च्या जागी २१. एवढासा पंखा भरभर फिरतो, पाणी घुसळतो, पण तीन नॉटला भरलेलं जाळं ओढायची ताकद त्यात नसते. ट्रॉलिंगला मोठा पंखा सावकाश फिरलेलाच चांगला. पर्यटकांना फिरवणारी हलकी फायबरची बोट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे छोटा पंखा चालतो.

विसार बुडू नये म्हणून मी स्वतः त्या विक्रेत्याशी बोललो. त्याच्याकडे ११० एचपी, २५०० आरपीएमचं इंजिन होतं आणि ३.७ चा गिअर मिळत होता. २५०० भागिले ३.७ म्हणजे ६७६ फेऱ्या. जुन्या पंख्याला तिथे साधारण १०४ एचपी लागतात, गिअरमध्ये तीन-चार टक्के जातात, बेरीज १०८. इंजिन ११० चं. पंखा तोच, शाफ्ट तोच, स्टर्न ट्यूब (शाफ्ट बोटीबाहेर जातो ती नळी) तीच. विसार याच इंजिनात वळता झाला.

पंखा मोठा करायचा मोह झाला तर आधी पात्याच्या टोकापासून बोटीच्या अंगापर्यंतची फट मोजा. व्यासाच्या १० ते १५ टक्के हवी, ३२ इंची पंख्याला साधारण चार इंच. कमी असेल तर प्रत्येक पातं जाताना बोट थरथरते आणि फळ्यांचे सांधे सैल होतात.

नवं, दुरुस्त केलेलं की ट्रकचं

पैसे असतील तर नवं मरीन इंजिन, यात वाद नाही. पण ब्रँडआधी सुटे भाग बघा. माझी कसोटी एकच: हंगामात रात्री फोन केला तर दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने नोझल (डिझेल फवारणारा भाग) दापोलीला येईल का? अशोक लेलँड किंवा किर्लोस्करचे भाग येतात. स्वस्तातल्या एखाद्या परदेशी इंजिनाचा इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं चाक) पंधरा दिवस येत नाही, आणि त्या पंधरा दिवसांत बांगडा निघून जातो.

ट्रकचं इंजिन बसवणारे आपल्याकडे खूप आहेत, मीही बसवलीत. वाईट नसतात, पण ती बोटीची करून घ्यावी लागतात. ट्रक चढ चढतो, मग उतरतो, सिग्नलला थांबतो. त्याचं इंजिन मधूनमधून श्वास घेतं. बोटीचं इंजिन दहा तास सलग चढावर असतं. म्हणून ट्रकवर १३० एचपी लिहिलेलं इंजिन मी बोटीत ९०-१०० धरतो. शिवाय त्याचा इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) ट्रकच्या नाकावरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतो. बोटीच्या पोटात वारा कुठला? तिथे समुद्राच्या पाण्यावरचा कूलर लावावा लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकांची इंजिनं मी घेत नाही, कारण त्यांचा सगळा कारभार सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालतो आणि खारी हवा त्यांना सोडत नाही. जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल डिझेल पंप असलेलं इंजिन बघा, ते कुठल्याही बंदरात उघडता येतं.

जुनं इंजिन विकत घेताना

हे नीट वाचा, इथेच पैसे बुडतात.

जाल तेव्हा आधी ब्लॉकवर तळहात ठेवा. गरम लागला तर चहा घ्या आणि उद्या येतो म्हणून सांगा. तुम्ही यायच्या आधी तापवून ठेवलेलं इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होणारच. आपल्याला ते थंड असताना कसं उठतं ते बघायचंय.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून ऑइल अंगठ्यात चोळा. काळं असलं तरी चालेल, डिझेल इंजिनाचं ऑइल काळं होतंच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. पातळ होऊन डिझेलचा वास आला तर नोझल किंवा पंप गळतोय. रेडिएटरचं झाकण उघडून बघा, पाण्यावर तेलाचा तवंग नको.

इंजिन सुरू झालं की धूर बघा. पहिला अर्धा मिनिट पांढरा येऊ शकतो, पुढे जायला हवा. तापल्यावरही पांढरा येत राहिला तर डिझेल जळत नाही किंवा पाणी आत जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड गेलेत. काळा धूर बिनलोडचं इंजिन सहसा दाखवत नाही, म्हणून एकदम रेस मारून बघा. एक झुबका येऊन निवळला पाहिजे. मग ऑइल भरायचं झाकण सैल करून हलकं ठेवा. ते थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि धुराचा भपकारा आला तर लायनर-रिंगांचा खर्च भावातून आधीच वजा करा. पंधरा-वीस मिनिटं चालवून ऑइलचं प्रेशर पुन्हा बघा. गरम झाल्यावर रेसला तीन-चार बार हवं, स्लोला एकाच्या खाली नको.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. गेज लावून प्रत्येक सिलिंडर मोजा. किती यायला हवं ते इंजिनाच्या पुस्तकात असतं, पण माझं लक्ष फरकाकडे असतं. सहा सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर हेड उघडल्याशिवाय मी पुढे बोलत नाही. शेवटी चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल खालच्या नटातून काढून त्यात चुंबक फिरवा. काळी पूड लागली तर चालेल, चमकते कण लागले तर नको. तांब्यासारखी पूड दिसली तर बेअरिंग संपलेत.

इंजिन नंबर ठोकलेला आहे, खोडलेला नाही, आणि बिलावर तोच आहे, एवढं बघूनच पैसे द्या. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदांवर इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती असते. बदल कळवला नाही तर परवाना, विमा, डिझेलचा परतावा सगळीकडे अडतं. बिल घेतल्याच्या आठवड्यात परवाना अधिकाऱ्यांकडे जाऊन या.

डमी बनवा

नवं इंजिन बोटीत उतरवण्याआधी एक काम असं आहे की ते चुकवलं तर ऑगस्टमध्ये रडावं लागतं.

कपलिंग (गिअर आणि शाफ्ट जोडणारा भाग) सोडून जुनं इंजिन उचला. शाफ्टच्या बरोबर मध्यापासून, शाफ्टच्याच ओळीत, एक सूत इंजिनाच्या जागेच्या पुढच्या टोकापर्यंत ताणून बांधा. हे सूत म्हणजे नव्या गिअरचा मध्य कुठे यायला हवा त्याची रेघ. आता बेडच्या, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं त्या, दोन्ही लाकडांपासून सुताची उंची पुढे, मध्ये आणि मागे मोजा. दोन लाकडांमधलं अंतर, कपलिंगच्या तोंडापासून पुढच्या भिंतीपर्यंतची लांबी, वर डेकच्या वाशांपर्यंतची उंची, खाली चेंबरला लागणारी जागा, सगळं वहीत. फोटो काढा, पण फोटोवर मोजमाप दिसत नाही, वही लागतेच.

नवं इंजिन गोडाऊनमध्ये उभं असतानाच त्याचीही मापं घ्या: गिअरच्या मध्यापासून पायांच्या तळापर्यंतची उंची, पायांच्या भोकांमधलं अंतर, सगळ्यात रुंद जागा, सगळ्यात खोल जागा. त्या मापांचा प्लायचा सांगाडा ठोका. प्लायची एक आडवी फळी म्हणजे पाय, एक उभी फळी म्हणजे गिअरचा मध्य, त्यात सुतासाठी भोक. हा सांगाडा, म्हणजे डमी, दोन माणसं हातात धरून बोटीत उतरवतात. ११० एचपीचं इंजिन गिअरसकट काही शे किलोचं. ते हायड्रा क्रेनला लटकत असताना बेड एक इंच उंच निघाला तर वरून पाऊस, खाली चिखल आणि भाडं तासाच्या हिशेबाने.

आमच्या बोटीत डमी उतरवली आणि लगेच दिसलं की चेंबरचा मागचा भाग आडव्या वाशाला घासतोय आणि बेड पाऊण इंच खाली उतरवावा लागतोय. सुतारमामांनी दोन दिवसांत लाकूड तासून त्यावर लोखंडी पट्टी बसवली. बेडला बोल्ट आरपार घ्या. लाकडात नुसता स्क्रू धरत नाही, थरथरीने भोक मोठं होतं. बेडच्या लाकडात टोकदार सळई खुपसून बघायला विसरू नका. जुन्या इंजिनाखाली वर्षानुवर्षं डिझेल आणि पाणी साचलेलं असतं. वरून रंग चांगला आणि आत भुसा, असं मी खूपदा पाहिलंय.

जमिनीवरच तयार करा

बोटीत उतरल्यावर इंजिनाच्या डाव्या बाजूला हात जात नाही. म्हणून जे काही बदलायचं ते वर असताना बदला. पाण्याचे सगळे होज, क्लिपा प्रत्येक टोकाला दोन आणि स्टेनलेसच्या, थर्मोस्टॅट, वॉटर बॉडीचं (गोड्या पाण्याच्या पंपाचं) सील, समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, पट्टे, फिल्टर, इंजिनाचे रबर माउंट. ब्लॉकच्या अंगात बसवलेल्या पत्र्याच्या टिकल्या असतात, त्यांतली एक जरी गंजलेली दिसली तरी सगळ्या काढून पितळी ठोका. नोझल आणि पंप टेस्टिंगला पाठवा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) फीलर गेजने, म्हणजे पातळ पात्यांच्या मापाने, पुस्तकाप्रमाणे लावा.

थंड करण्याबद्दल एक गोष्ट ठाम सांगतो. समुद्राचं पाणी ब्लॉकमध्ये फिरवायचं नाही. आत गोडं पाणी आणि कूलंट, बंद चक्रात. त्याची उष्णता एकतर हीट एक्स्चेंजरमधून समुद्राच्या पाण्याला द्या, नाहीतर बोटीच्या तळाला बाहेरून, पठाणाच्या (तळाच्या मधल्या मुख्य लाकडाच्या) बाजूने पाइप फिरवून द्या. आमच्याकडे गाळाच्या खाड्या आहेत. ओहोटीला पंप चिखल ओढतो, इम्पेलर चघळला जातो, एक्स्चेंजरच्या नळ्या बुजतात. म्हणून खाडीत रोज ये-जा करणाऱ्या बोटीला मी तळाचे पाइप सुचवतो. फक्त बोट किनाऱ्यावर टेकते तिथे ते चिरडू नयेत म्हणून शेजारी लाकडी पट्टी द्या. एक्स्चेंजर लावलात तर त्यातला जस्ताचा तुकडा दर दोन-तीन महिन्यांनी काढून बघा. निम्मा झिजला की बदला. जस्त झिजतं म्हणून तांब्याच्या नळ्या वाचतात.

ऑइल काढायला चेंबरच्या नटाऐवजी एक नळी जोडून वर आणा आणि तिला छोटा हातपंप लावा. बोटीत चेंबरखाली भांडं ठेवायला जागा नसते. ज्यांना हे करून दिलं त्यांनी वेळेवर ऑइल बदललं, ज्यांना नाही दिलं त्यांनी टाळलं.

मग डिझेलने आणि साबणाने धुऊन, गंज ब्रशने काढून, प्रायमर आणि दोन हात रंग. फिका रंग द्या, पांढरा किंवा राखाडी. गडद रंगावर गळती दिसत नाही.

इंजिन तयार झालं की लोखंडी चॅनेलच्या घोड्यावर बांधा, बादलीतून डिझेल द्या, पाण्याच्या पिंपातून पंप चालवा आणि दोन-तीन तास फिरवा. थेंब कुठून पडतोय, तापमान ८०-८५ ला थांबतंय का, अल्टरनेटर चार्ज करतोय का. थंड झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आमच्या इंजिनाला इथेच पाण्याच्या पंपाच्या मागच्या बाजूला बारीक गळती सापडली. वर दहा मिनिटांचं काम. बोटीत तेच काम करायला एक्झॉस्ट काढावा लागला असता.

टाकी

हे मी सगळ्यांना सांगतो, कारण हे माझ्या हातून घडलंय. नऊ वर्षांपूर्वी मी एका बोटीला नवं इंजिन बसवलं. टाकी जुनीच ठेवली; तिचा वरचा भाग स्वच्छ दिसला म्हणून झाकण उघडून तळ बघितला नाही. पहिली फेरी शांत पाण्यात झाली. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळूवर लाटा फुटतात तिथे, बोट हलली आणि टाकीच्या तळाचा बारा वर्षांचा गाळ उठला. फिल्टर दोन मिनिटांत बंद. इंजिन थांबलं. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, क्षणात नांगर टाकला आणि तो धरला. पाऊण तासाने दुसऱ्या बोटीने ओढून नेलं. चार खलाशी होते, पैकी एक पहिल्यांदाच समुद्रावर आलेला. मी रात्री त्याच्या घरी जाऊन आलो.

तेव्हापासून मी टाकी पूर्ण उपसल्याशिवाय इंजिन बसवत नाही. डिझेल काढा, टाकीला हात जाईल एवढं झाकण कापून करा, तळ फडक्याने पुसा. चिकट काळा साका दिसला तर डिझेलमध्ये साचलेल्या पाण्यात जंतू वाढलेत. नुसतं हलवून धुतल्याने जात नाही, खरवडावं लागतं. डिझेल घ्यायची नळी तळापासून इंचभर वर ठेवा आणि सगळ्यात खोल जागी पाणी काढायचा कॉक द्या. इंजिनाआधी पारदर्शक वाटी असलेले पाणी वेगळं करणारे दोन फिल्टर शेजारी शेजारी लावा, मध्ये कॉक. एक बंद पडला तर चालत्या इंजिनावर दुसरा चालू करता येतो.

एक्झॉस्ट आणि हवा

एक्झॉस्टचा पाइप इंजिनाच्या तोंडापेक्षा कुठेही बारीक करू नका, वळणं कमी ठेवा, इंजिनाजवळ लवचिक तुकडा द्या. गुंडाळायला ग्लास फायबरची दोरी वापरा. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते आणि कॅन्सर करते. दोन रुपये वाचतात म्हणून ती पोरांच्या हातात देऊ नका. वरच्या टोकाला पडतं झाकण हवं, नाहीतर पावसाचं पाणी पाइपातून थेट सिलिंडरमध्ये उतरतं आणि ऑगस्टमध्ये इंजिन जाम मिळतं.

हवा पुरते का ते बघायला झाकणं बंद ठेवून लोडवर फुल रेस द्या, मग झाकण उघडा. उघडल्यावर फेऱ्या वाढल्या किंवा धूर कमी झाला तर हवेची तोंडं मोठी करा.

शाफ्टची ओळ

बोट वर असताना ओळ लावून बोल्ट आवळून टाकायचे आणि झालं म्हणायचं, ही घाई नारळी पौर्णिमेच्या तोंडावर सगळे करतात. जमिनीवर ठोकळ्यांवर उभी बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. लाकूड पाणी पितं, मागचा भाग थोडा उचलतो किंवा बसतो. वर असताना ओळ कच्ची लावा. बोट पाण्यात उतरवून, डिझेल आणि बर्फाचं वजन नेहमीसारखं ठेवून दोन दिवस राहू द्या. मग पक्की ओळ.

कपलिंगची दोन तोंडं हाताने जवळ आणा, बोल्ट घालू नका. फीलर गेज वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घालून फट मोजा. कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) एवढा फरक चालतो, म्हणजे सहा इंची कपलिंगला सहा थाऊ. मी चारच्या आत आणल्याशिवाय उठत नाही. मग शाफ्ट पाव फेरी फिरवून पुन्हा मोजा. जास्तीची फट शाफ्टबरोबर फिरली तर कपलिंग किंवा शाफ्ट वाकलाय, इंजिन हलवून उपयोग नाही. फट जागच्या जागी राहिली तर इंजिन हलवा. पायाखाली लोखंडी किंवा पितळी शिम (पातळ पट्टी) घाला, लाकडाची पाचर नको.

त्या दिवशी मला साडेतीन तास लागले. पाऊस झापांवर पडत होता आणि नाखव्यांचा मुलगा टॉर्च धरून बसला होता. पहिल्यांदा खालून चौदा थाऊ, मग नऊ, मग उजवीकडे सात, शेवटी चारही बाजूंना तीनच्या आत. प्रत्येक आकडा त्याने वहीत लिहिला. पुढच्या वर्षी तो स्वतः मोजू शकेल.

ग्लँडची, म्हणजे शाफ्टभोवती समुद्राचं पाणी अडवणाऱ्या भागाची, दोरी नवी घाला आणि थेंब थेंब पाणी येईल एवढीच आवळा. अगदी कोरडी केलीत तर शाफ्ट तापतो आणि झिजतो.

पहिली फेरी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोट बाहेर काढली. जूनच्या आधी मोजलं होतं तसंच सगळं मोजलं. फुल रेसला इंजिन २४८० ला पोचलं, त्याच्या पट्टीवर लिहिलेत २५००. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तुमचं इंजिन लोडवर आपल्या पूर्ण आरपीएमच्या दोनशे खाली अडकलं तर पंखा जड आहे, पिच कमी करून घ्या. तसंच चालवलंत तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळतात. गव्हर्नरला (फेऱ्या मर्यादेत ठेवणाऱ्या भागाला) टेकून आरपीएम आणखी चढू बघत असेल तर पंखा हलका आहे. वेग आला ७.२ नॉट, धूर जवळजवळ नाही.

पहिले ५० तास इंजिन सतत स्लोवर घुटमळत ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. ७०-८० टक्के लोडवर चालवा, मधून वर-खाली करा. ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, माउंटचे आणि कपलिंगचे बोल्ट आवळा, आणि फीलर गेज पुन्हा चारही बाजूंनी घाला. रबर माउंट दबतात आणि ओळ दोन-तीन थाऊ सरकते. आमची खाली दोन थाऊ सरकली होती. एक शिम घातली, टाकीचा कॉक उघडून अर्धा पेला पाणी काढलं, आणि बोट संध्याकाळी पुन्हा बाहेर गेली.